गाडी येणारी बाई

कामिनी गजभियेला बाया चेहऱ्यावरून ओळखू येत नाहीत, पाठीवरून येतात. बावीस वर्षं ती शिकणाऱ्या बायांच्या मागे बसून त्यांना स्कुटी शिकवते आहे. कुणाच्या मानेवरचा तीळ, कुणाची घामाने चिकटलेली वेणी, कुणाचे भीतीने कानापर्यंत चढलेले खांदे, एवढंच तिच्या लक्षात राहतं. सक्करदऱ्याच्या सिग्नलला एखादी बाई शेजारी गाडी थांबवून म्हणते, "मॅडम, ओळखलं का?" तेव्हा कामिनी हसून "हो हो, कसं नाही ओळखणार" म्हणते. सिग्नल सुटून ती बाई पुढे गेली की मग खरी ओळख पटते.

तिच्या क्लासला पाटी नाही, ऑफिस नाही. एक जुनी राखाडी स्कुटी, नंदनवनातलं एक मोकळं मैदान आणि एकीने दुसरीला दिलेला फोन नंबर. पहिले काही दिवस मैदान, मग कॉलनीतले रस्ते, आणि शेवटी एकदा जगनाडे चौक पार करून दाखवला की शिकणं पुरं झालं. शिकवायची पद्धतही एकच. मागे बसायचं, दोन्ही पाय खाली सोडून ठेवायचे आणि बाईचा तोल गेला की टाचा जमिनीत रोवून गाडी धरायची. त्यामुळे कामिनीच्या बुटांचे पुढचे भाग नव्यासारखे राहतात आणि टाचा दोन महिन्यांत झिजून जातात. घरी आली की ती आधी फरशीवर आडवी होते, पाय भिंतीला वर टेकवते आणि दहा मिनिटं कुणाशी बोलत नाही. घरातल्यांना ते ठाऊक आहे. तेवढी दहा मिनिटं तिला कुणी काही सांगत नाही, अकराव्या मिनिटाला सांगतात.

ती गाडी शिकली सोळाव्या वर्षी, कुहीजवळच्या तिच्या गावी. गावात लसी द्यायला एक नर्सबाई मोपेडवर यायच्या. लसीचा डबा मांडीवर धरून बसायला त्यांना कुणीतरी लागायचं, आणि कामिनीला शाळेला सुट्टी असली की ती जायची. एकदा भर दुपारी नर्सबाईंना हुडहुडी भरून आली. धानाच्या बांध्यांमधल्या रस्त्यावर त्यांनी मोपेड थांबवली, डबा स्वतःच्या मांडीवर घेतला आणि म्हणाल्या, "तूच चालव वं आता. मले काही दिसून नाही राहिलं." कामिनीने इतके दिवस मागे बसून त्यांचे हात पाहिले होते. वेडीवाकडी का होईना, तिने गाडी गावापर्यंत आणली. बातमी तिच्या आधी घरी पोचली होती. वडील रागावतील म्हणून ती धास्तावली होती, पण जेवताना त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "पडली तं नाही ना?"

लग्न होऊन ती नागपूरला आली. नवरा अनंत लकडगंजच्या एका लाकडाच्या गोदामात मोजमापाच्या कामावर. तो तेव्हाही सायकलने जायचा, आजही सायकलनेच जातो. कामिनीने हट्टाने एक जुनी मोपेड घेतली. शेजारणीने म्हटलं, मलाही शिकव. मग शेजारणीच्या बहिणीने म्हटलं. असं करता करता तो धंदाच होऊन बसला.

पूर्वी मे महिना म्हणजे तिला श्वास घ्यायला फुरसत नसायची. दहावी-बारावीचे पेपर संपले की पोरींची झुंबड उडायची. अठरा पूर्ण व्हायला चार-चार महिने असलेल्या पोरीसुद्धा येऊन गळ घालायच्या, "मॅडम, आत्तापासून शिकवून ठेवा ना." कामिनी त्यांना परत पाठवायची. वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी त्या फॉर्म घेऊन दारात हजर. गेल्या पाच-सहा वर्षांत हे हळूहळू आटलं. आता पोरी येत नाहीत, त्यांच्या आया येतात. पोरगी वीस वर्षांची झाली तरी लायसन्सचं नाव काढत नाही, तिला बर्डीला क्लासला सोडायचं कुणी, म्हणून पंचेचाळिशीची आई हेल्मेट घेऊन मैदानावर उभी राहते. पोरी चार-पाच दिवसांत शिकायच्या. या बायांना तीन आठवडे लागतात. त्यांचं वजन कामिनीच्या टाचांना समजतं.

यंदा मे अखेरच्या नवतपात, जेव्हा सकाळी सहालाही मैदानाची माती कोमट लागते, तेव्हा सुहासिनीताई आल्या. त्या एका सरकारी कार्यालयात रेकॉर्ड सांभाळायच्या. सोबत त्यांची मुलगी अदिती, अठरा वर्षांची. खरं तर नाव मुलीचंच घातलं होतं. अदिती पहिल्या दिवशी गाडीवर बसली, मैदानाला दोन नीट फेऱ्या मारल्या, उतरली आणि आईला म्हणाली, "झालं? जाऊ?" दुसऱ्या दिवशी ती आलीच नाही. सुहासिनीताई एकट्याच आल्या.

"ती म्हणते तिला गरज नाही," त्या ओशाळून म्हणाल्या. "मोबाईलवर रिक्षा येते म्हणते. आमच्या वेळी आम्हाला कुणी शिकू दिलं नाही, आणि हिला शिक म्हणून मागे लागावं लागतं. जाऊ द्या. फी भरलीच आहे, तर मलाच शिकवता का?"

"या, बसा," कामिनी म्हणाली. "आजकाल असंच आहे ताई. सगळ्यांच्या घरी तेच."

सगळ्यांच्या घरी म्हणताना तिने स्वतःचं घर त्यात धरलं होतं, पण ते सुहासिनीताईंना कळलं नाही. कामिनीची मुलगी वेदिका एकोणीस वर्षांची. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. अर्ध्या पूर्व नागपूरला गाडी शिकवणाऱ्या बाईच्या पोरीला गाडी येत नाही, ही गोष्ट कामिनी बाहेर बोलत नसे. कच्चं लायसन्स वेदिकाने एकदा काढलं होतं. घरबसल्या, मोबाईलवर परीक्षा देऊन, पैकीच्या पैकी मार्क. सहा महिन्यांत ते बाद झालं. आईकडे येणाऱ्या बायांचे फॉर्म तीच भरून द्यायची, सिग्नलच्या खुणा तीच त्यांच्याकडून पाठ करून घ्यायची. आरटीओची अख्खी वेबसाईट तिला तोंडपाठ होती. फक्त मैदानावर यायची नाही. आंबेडकर चौकापर्यंत चालत जायची आणि मेट्रोत बसायची.

"भेते का वं तू?" कामिनी विचारायची.

"नाही."

"मंग काहून नाही शिकत?"

"शिकीन कधीतरी," एवढंच उत्तर. आणि पोरगी पुन्हा मोबाईलमध्ये.

कामिनीला याचा राग यायचा तो उगाच नाही. कारण क्लास सुटल्यावरच तिचा खरा दिवस सुरू व्हायचा. सासू तुळसाबाईंना साखर होती आणि पायाला जखम. एक दिवसाआड त्यांना दवाखान्यात पट्टी बदलायला न्यायचं ते कामिनीने. येताना दळण आणायचं, औषधं आणायची, अनंत डबा विसरला असला तर लकडगंजला नेऊन द्यायचा. नणंदेला गांधीबागेतून लग्नाच्या साड्या आणायच्या असल्या की फोन कामिनीलाच. धाकटा दीर केशव फिरतीच्या नोकरीवर. त्याची गाडी पहाटेची असो की दुपारची, फोन ठरलेला, "वहिनी, जरा स्टेशनवर सोडून देसान का?" गल्लीतल्या म्हाताऱ्या गोपिकाबाईंना पेन्शनीच्या हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत कामिनीनेच नेलं. तुले काय, गाडी आहे, पाच मिनिटांत येशील, असं जो तो म्हणायचा. अशी पाच-पाच मिनिटं जोडून तिची संध्याकाळ व्हायची.

सुहासिनीताईंच्या नवव्या दिवशी ते घडलं. मैदान झालं होतं, कॉलनीतल्या रस्त्याला लागून दोन दिवस झाले होते. वळणावर एक कुत्रं आडवं आलं. सुहासिनीताई घाबरल्या, आणि घाबरलेली बाई करते तेच त्यांनी केलं. ब्रेक सोडला आणि रेस पिळली. गाडी उसळली. कामिनीने सवयीने दोन्ही टाचा रोवल्या, पण डावी टाच गटाराच्या झाकणाच्या कडेत अडकली. गाडी पुढे गेली, पाय मागे राहिला. गुडघ्यातून ओलं लाकूड पिळल्यासारखा आवाज आला, तो तिला हेल्मेटमधूनही ऐकू आला.

सुहासिनीताईंना साधं खरचटलंसुद्धा नाही. त्या रस्त्यावर बसून रडायला लागल्या. कामिनी पडल्या पडल्या म्हणाली, "ताई, आधी चाबी बंद करा गाडीची."

डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला, गुडघा चाचपला. हाड शाबूत होतं, लिगामेंट फाटलं होतं. पट्टा बांधला आणि सहा आठवडे पाय टेकायचा नाही म्हणून बजावलं. "आणि यापुढे पायाने गाडी थांबवायची नाही," असंही म्हणाले. "तुमच्या दोन्ही गुडघ्यांचं वय तुमच्यापेक्षा पंधरा वर्षांनी जास्त आहे."

कामिनी पलंगावर पडली ती धास्ती घेऊनच. घरातली एकमेव गाडी येणारी बाई पडली, आता घर कसं चालेल? पहिल्याच संध्याकाळी केशवचा फोन आला. पडल्याचं सांगितल्यावर तो कळवळला, "अरे बापा!" आणि मग त्याच दमात, "मंग उद्या मले स्टेशनवर कोण सोडन?" मग तो घाईघाईने म्हणाला, "नाही नाही, तुम्ही आराम करा वहिनी."

पण घर चाललं. हेच कामिनीला समजेना. पहिल्या खेपेला तुळसाबाईंना वेदिकाने रिक्षा बोलावून दवाखान्यात नेलं, आणि परत येताना तिथल्या बाईंना विचारून घरी येऊन पट्टी बदलून देणारी एक सिस्टर ठरवली. तुळसाबाई खूश. आजवर स्कुटीवर मागे बसताना जखमेला झटके बसायचे, पण सून रागवेल म्हणून त्या बोलल्या नव्हत्या. दळण चक्कीवाल्याचा माणूस आणून देऊ लागला. तो गेली दोन वर्षं आणून द्यायला तयार होता, कुणी विचारलंच नव्हतं. अनंत डबा विसरेना. नणंदेच्या साड्यांचं काय झालं कुणास ठाऊक, तिचा फोनच आला नाही. पंधरा दिवस गेले, काही अडलं नाही. कामिनी पलंगावरून छताकडे पाहत राहायची. झोप मात्र भरपूर यायची. सकाळी दहाला, दुपारी दोनला, कधीही. इतकी झोप अंगात साठून होती हे तिला माहीतच नव्हतं.

एका दुपारी कूलरमधलं पाणी संपलं. वेदिका बादलीने पाणी भरत होती. कामिनीला राहवलं नाही.

"तू गाडी शिकली असती तं किती सोपं झालं असतं या दिवसांत."

"काय सोपं झालं असतं?" वेदिकाने बादली खाली ठेवली. "काय अडलं, सांग ना."

"अडलं नाही, पण..."

"आई, रागावू नको. सांगू का?"

"सांग."

"या घरात गाडी कोणाले येते? तुले. मंग आजीले दवाखान्यात कोण नेते? तू. दळण कोण आनते? तू. काका फोन कोणाले करते? तुले. बाबाले काहून नाही करत? त्याइचा तं सख्खा भाऊ आहे. बाबाले गाडी येत नाही ना, म्हणून. ज्याले येते त्याच्याच गळ्यात पडते सगळं. मी लायसन्स काढलं ना, की दुसऱ्या दिवशीपासून हे सगळे मले सांगतीन. 'वेदू, तुले काय, गाडी आहे.' मी पाहून राहिली ना लहानपणापासून."

"अवं, पण गाडी असली की बाईमाणूस मोकळं राहते. कोणाच्या तोंडाकडं पाहा लागत नाही. म्हणून तं मी बायांले शिकवते."

वेदिकाने कूलरचं झाकण लावलं. मग हळू आवाजात म्हणाली, "तुले वाटत असन तसं. मले तं तू मोकळी कधी दिसलीच नाही."

कामिनीला राग आला. एवढी वर्षं मनात ठेवून पोरगी आज बोलते, तेही आई पलंगावर पडलेली असताना. "मंग इतके दिवस काहून नाही बोलली?"

"तू विचारलं कुठं? तू म्हणायची, भेते का."

वेदिकाने बादली उचलली आणि ती आत गेली. कामिनीने भिंतीकडे तोंड केलं. डॉक्टरांनी गुडघा चाचपताना नेमकी दुखरी जागा दाबली तेव्हा तिने जसे ओठ आवळून धरले होते, तसेच आताही धरले. तिला बांध्यांमधला तो रस्ता आठवत होता, पहिल्यांदा हातात आलेली मोपेड, अंगावर येणारा वारा. ते खोटं नव्हतं. पण त्यानंतर ती एकटी, कुठलंही काम नसताना, नुसती फिरायला म्हणून गाडी घेऊन कधी बाहेर पडली, ते मात्र तिला आठवेना. तिने वर्षं मागे मागे नेऊन पाहिली. अंबाझरीला जाऊ म्हणून एकदा निघाली होती, तेव्हाही वाटेत कुणाचं तरी पार्सल देऊन यायचं होतं.

संध्याकाळी अनंत आला. सायकल भिंतीला लावली, हातपाय धुतले आणि तिच्या पायथ्याशी बसला.

"आयका ना," कामिनी म्हणाली, "तुम्ही काहून नाही शिकले गाडी?"

अनंतने डोकं खाजवलं. तो सरळ माणूस. त्याने खरोखर विचार केला आणि म्हणाला, "गरजच नाही पडली कधी. तू होती ना."

कामिनी हसायला लागली. इतकी हसली की पट्ट्यातला गुडघा दुखायला लागला, तरी थांबेना. अनंतला काही कळलं नाही. तो घाबरून तिला पाणी आणायला गेला. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं, ते तिने ओढणीने पुसलं.

सहा आठवड्यांनी पट्टा सुटला. सुहासिनीताई मध्ये चार वेळा येऊन माफी मागून गेल्या होत्या. आता गाडीला हातसुद्धा लावणार नाही म्हणत होत्या. कामिनीने त्यांना बळेच मैदानावर बोलावलं. पण आता मागे बसून टाचा रोवायची सोय उरली नव्हती. मग तिने प्लास्टिकची खुर्ची टाकली आणि सांगितलं, "गाडी चालू करू नका. नुसत्या पायाने ढकलत फिरा. तुमच्याच पायाने. तोल जाईल तिथं तुम्हीच धरा."

सुहासिनीताई चार दिवस तशा फिरल्या, मोठ्या बदकासारख्या. पाचव्या दिवशी त्यांनी गाडी चालू केली आणि सरळ चालवली. कामिनी खुर्चीत बसून बघत राहिली. बावीस वर्षं ज्या वजनाखाली तिच्या टाचा झिजल्या, ते वजन ही बाई आपल्याच पायांवर घेऊन चालली होती. हे आधी का सुचलं नाही याचं तिला वाईट वाटलं, पण तेही फार वेळ नाही. वाईट वाटून घ्यायलाही अंगात जोर लागतो.

ऑगस्टमध्ये सुहासिनीताईंना पक्कं लायसन्स मिळालं. फॉर्म वेदिकाने भरला होता. पेढे घेऊन त्या आल्या तेव्हा म्हणाल्या, "अदितीला ऑफिसला जाता जाता क्लासला सोडते आता." कामिनीला सांगावंसं वाटलं, पण बाईच्या तोंडावरचा आनंद बघून तिने पेढा तोंडात टाकला. त्यांचं त्यांना कळेल, नाहीतर त्यांची पोरगी सांगेल.

वेदिकाला ती पुन्हा लायसन्सबद्दल बोलली नाही. वेदिकानेही विषय काढला नाही. दोघींमध्ये काही तुटलं नाही, फक्त एक रोजचं भांडण संपलं, आणि त्या जागी काय बोलावं हे दोघींना अजून सुचलेलं नव्हतं. एकदा वेदिका आपणहून म्हणाली, "मी तीस वर्षांची झाली ना आई, मंग काढीन. तोपर्यंत बाकीच्याइले सवय पडून जाईन." कामिनी म्हणाली, "बरं."

दिवाळीनंतर एका शनिवारी केशवचा फोन आला. पाय बरा झाल्याचं त्याला कुणीतरी सांगितलं असावं. "वहिनी, साडेतीनची गाडी आहे. जरा सोडून देसान का?"

कामिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. सकाळी तीन बायांना शिकवून झालं होतं, भांडी व्हायची होती. तोंडापर्यंत "येते" आलं होतं. तुळसाबाई पलंगावरून तिच्याकडे बघत होत्या.

"नाही जमत केशवभाऊ," ती म्हणाली. "रिक्षा करून घ्या."

"पाय दुखते का?"

दुखतो म्हणणं सोपं होतं. ती म्हणाली, "पाय बरा आहे. थकली आहे मी."

केशवला वाईट वाटलं की राग आला हे कळायला मार्ग नव्हता. "बरं बरं, ठीक आहे," म्हणून त्याने फोन ठेवला. पुढे महिनाभर त्याचा फोन आला नाही. मग आला, तो मुलाच्या बारशाचं आमंत्रण द्यायला, आणि बोलणं नेहमीसारखंच झालं.

पण त्या शनिवारी फोन ठेवल्यावर कामिनीला चुकल्यासारखं वाटत राहिलं. तिने भांडी तशीच ठेवली. फरशीवर चटई टाकली, पाय भिंतीला टेकवले. घड्याळात तीन वाजले, साडेतीन झाले. केशव गाडीत बसला असेल, असं मनात आलं आणि तिचा डोळा लागला.

वेदिका साडेपाचला मेट्रोने बर्डीहून आली. दाराशी चप्पल काढताना तिने आईला भिंतीला पाय लावून झोपलेलं पाहिलं. तुळसाबाईंनी ओठांवर बोट ठेवून तिला खूण केली. वेदिकाने दार हळूच लोटलं, चहा टाकला, आजीला अर्धा कप दिला आणि भांडी घासायला बसली. आवाज होऊ नये म्हणून एकेक ताट जपून ठेवत होती. आत कामिनी घोरत होती.